भैरोबाचं पिस्तूल

"हातात घेऊन बघा, उस्ताद. लांबून काय कळणार?" मला इथं घेऊन आलेला इंगवले म्हणाला.

आंबेखिंडीच्या भैरोबाच्या मंडपात साठ-सत्तर माणसं मांडी घालून बसली होती. मधोमध तांब्याचं ताम्हण, त्यात लाल फडकं आणि फडक्यावर पिस्तूल. जुनं, ठासणीचं, दीड वीत लांब. कुंकवानं आणि तेलानं इतकं माखलेलं, की लोखंड कुठं संपतं आणि लाकूड कुठं सुरू होतं ते कळू नये. ताम्हणापलीकडे देवाचा पुजारी केरबा गुरव उकिडवा बसला होता. सत्तरीचा माणूस, अंगात बंडी, दोन्ही हात गुडघ्यांवर. तो पिस्तुलाकडे बघतच नव्हता. माझ्या हातांकडे बघत होता.

साल एक्क्याण्णव. मी सैन्याच्या कारखान्यात बावीस वर्षं बंदुका दुरुस्त करून मिरजेला आलो होतो आणि किल्ला भागात दुकान टाकलं होतं. दस्तगीर शिकलगार म्हटलं की परवान्याच्या बंदुका बाळगणारे चार तालुके मला ओळखायचे. त्यात जुनं हत्यार बघून त्याचं साल सांगणारा म्हणून माझं जरा नाव झालेलं. ते नाव माझ्या डोक्यात किती गेलं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

सरपंच संपत जगदाळे सरळ माणूस. त्यानं आडवळण न घेता सांगून टाकलं.

"उस्ताद, आमच्या देवाचं हे हत्यार. आमच्या वाडवडलांनी खिंडीत गोऱ्या सायबाकडनं हिसकावलेलं. वर्षभर फडक्यात बांधून पेटीत असतंय. खंडेनवमीच्या आधी दोन दिस गुरव सोडतो, पुसतो, आन् दसऱ्याला पालखीम्होरं धरून शिवंपातुर जातो. काल केरबानं फडकं सोडलं आन् म्हणाला, ह्ये देवाचं न्हवं."

"न्हवंच," केरबा म्हणाला.

"आता तुम्ही सांगा. खोटं असंल तर पेटीची किल्ली एकट्या केरबाकडं. म्हंजे त्यानंच इकलं, आन् आता आपल्यावर येऊ नये म्हणून बोंब मारतोय. पूजा काढून घ्यायची, देवाच्या जाग्यातलं घर खाली करायचं आन् पोलिसात द्यायचं. खरं असंल तर देवाच्या हत्याराला नाव ठिवलं म्हणून देवाम्होरं नाक घासायचं. गावानं ठरीवलंय."

"म्या इंगवलेसायबाला दिलं हुतं," केरबा म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. आज कुठला वार आहे ते सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"दिलं होतं की," इंगवले लगेच म्हणाला. "मी नाही कुठं म्हणतोय? फेब्रुवारीत नेलं, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. केरबानं माझ्यादेखत पेटीत ठेवलं. ठेवलं ना, केरबा?"

"ठिवलं."

"मग सोडून का नाही बघितलं तेव्हाच?" मी विचारलं.

केरबानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. "फडकं नवमीबिगर सोडत न्हाईत. साहेब म्हणले, इतिहासाचं काम हाय, देवाला इचार. म्या कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांस्नी पाकळ्या लावल्या, उजवी पडली. देव हो म्हणला. पर त्यो कौल एकदा सोडायचा हुता. परत आल्यावर सोडायला कौल न्हवता. म्या बांधलेलंच पेटीत ठिवलं."

मंडपात कुणी हसलं नाही. हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. त्या गावात ते तसंच करतात. न पटण्यासारखं होतं ते एवढंच, की जयकर इंगवल्यासारखा माणूस असं काही करील. तालुक्यात शाळाशाळांतून जुन्या हत्यारांची प्रदर्शनं भरवणारा, पोरांना इतिहास सांगणारा, ह्याच मंडपावरचे पत्रे खटपट करून आणून देणारा माणूस. सकाळी जीप घेऊन माझ्या दारात आला होता. "एका गावात पिस्तुलावरून भांडण लागलंय, जाणकार पाहिजे, मी तुमचंच नाव सांगितलंय," म्हणाला. मी पेचकस, भिंग आणि तेलाची कुपी पिशवीत टाकून निघालो होतो. कुठलं पिस्तूल, ते मी विचारलंही नव्हतं.

मी ताम्हणातलं पिस्तूल उचललं. अंगठ्यानं, घोडा जिच्यावर बसतो त्या चापाच्या पट्टीवरचं कुंकू बाजूला सारलं. खाली बदाम दिसला. पत्त्यातल्या बदामासारखी खूण, तिचे चार भाग, चार भागांत चार इंग्रजी अक्षरं आणि वर चारच्या आकड्यासारखी रेघ. पट्टीच्या शेपटीला साल, सतराशे शहाण्णव.

हे पिस्तूल मला माहीत होतं.

आठ महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, असंच एक पिस्तूल माझ्या दुकानाच्या फळीवर होतं. इंगवल्यानंच आणलेलं. "आमच्या पणजोबांचं," म्हणाला. खोबणींत कुंकू होतं, ते मी विचारलंही. "घरी पूजतो हो खंडेनवमीला," म्हणाला. मग मी दोन तास त्याला ते पिस्तूल वाचून दाखवलं. माझ्यासारख्या माणसाला ऐकणारा मिळाला की भान राहत नाही. म्हटलं, हा बदाम म्हणजे कंपनी सरकारची खूण. अठराशे आठच्या सुमारास कंपनीनं बदाम सोडून सिंह घेतला, म्हणजे हे त्याआधीचं, आणि सालही तेच सांगतंय. पण हे जन्मलं तेव्हा चकमकीचं होतं. घोड्याच्या तोंडात गारगोटी, समोर दारूची वाटी. पुढं चाळीस-पन्नास वर्षांनी कुणीतरी वाटी काढून टाकली, घोडा बदलला आणि तांब्याच्या टोपीवर ठोका मारून उडणारं केलं. वाटी काढली तिथली तीन भोकं बघा, लोखंडाच्या खुंट्यांनी बुजवलीत. म्हणजे एका पिस्तुलात दोन सालं. आणि नळीच्या बुडाशी घोडदळाच्या तुकडीचा आकडा. तुमच्या पणजोबांनी हे बाजारात घेतलेलं नाही, कुणाच्या तरी खोगिरावरून काढलंय.

इंगवले तोंडाचा आ करून ऐकत होता. मग त्यानं पिशवीतून दुसरं पिस्तूल काढलं. साधं, खुणा नसलेलं, टोपीचं, तेवढ्याच मापाचं. म्हणाला, "शाळेत खरं फिरवायला भीती वाटते. ह्याच्यावर त्या खुणा उतरवून द्याल? पण तुमच्यासारखा हात आता महाराष्ट्रात दुसरा नाही हो. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर पोरखेळ होईल." मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. चांगला शेंड्यापर्यंत चढलो. रात्रभर बसून केलेल्या त्या कामाचं मी काही घेतलंही नाही. बदाम कोरला, साल कोरलं, आकडा कोरला. नव्या खुणा जुन्या दिसाव्यात म्हणून तेजाबाचा हात फिरवला, वर स्पिरिट लावलं. शेवटी तो म्हणाला, "त्या तीन बुजवलेल्या भोकांच्याही खुणा करा ना वरवर. म्हणजे पोरांना समजावता येईल." तेव्हा तरी मी विचारायला पाहिजे होतं, की पत्र्याच्या शाळेतल्या पोरांना कळावं म्हणून कुणी बुजवलेल्या भोकांची नक्कल करून घेतं का? मी विचारलं नाही. मी तीन वर्तुळं इतकी हुबेहूब काढली, की माझं मलाच कौतुक वाटलं. सैन्यातल्या सवयीनं, आणि घराच्या रीतीनं, चापाच्या पट्टीच्या आतल्या अंगाला मी पोलादी पंचानं तीन ठिपके मारले. आमच्या घराण्याची ती खूण. इंगवल्याला ते सांगितलं नाही. कारागिरानं आपली खूण करावी, त्यात सांगायचं काय.

आणि आता ते पिस्तूल भैरोबाच्या मंडपात माझ्या हातात होतं.

दोन्हींतलं कुठलं, हे कळायला भिंगाची गरज नव्हती, तरी मी भिंग काढलं. त्या फेब्रुवारीत माझ्या कोरणीच्या टोकाचा कोपरा उडालेला होता, त्यामुळे प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला शेजारी एक केसाएवढी दुसरी रेघ उमटायची. बदामात ती होती. सातात होती. शहाण्णवातल्या नवाच्या पोटातसुद्धा होती. वर तेलकट, वासाचं, बाजारातलं कुंकू थापलेलं, आणि त्या वासाखाली आठ महिने फडक्यात कोंडलेला माझ्या स्पिरिटचा वास. मी पिस्तूल नाकाजवळ नेलं आणि परत ताम्हणात ठेवलं. ते पणजोबा, ती घरची पूजा, तो आ केलेला चेहरा. सगळं ह्या म्हाताऱ्याच्या पेटीतून निघालेलं होतं.

"कशावरून म्हणता, खोटं?" मी केरबाला विचारलं. मला वेळ पाहिजे होता.

"हातात घेतलं तर हलकं," तो म्हणाला. "कुंकू लावाय गेलो तर बोटाला रेघा लागत्यात. आमचं बोथट झालंय, बाबा. माज्या बापानं, त्येच्या बापानं बोटं फिरवून फिरवून बोथट केलंय. हे बोटाला कापतंय. आन् वास दवाखान्याचा."

आयुष्यभर मी भिंग लावून बघितलं ते हा माणूस बोटानं बघत होता.

"जरा बाहेर येता का, उस्ताद?" इंगवले म्हणाला. "तोंडात पाणी घ्या. उन्हात आलाय तुम्ही."

देवळामागं चिंचेखाली त्यानं मला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. थर्मास त्यानं बरोबरच आणला होता. माणसाची तयारी किती.

"तुम्हाला कळलं, ते मला कळलं," तो शांतपणे म्हणाला.

"खरं कुठाय?"

"ते सोडा. तिथं उंदरं-झुरळं, तेल, कुंकू. शंभर वर्षांत खलास झालं असतं. मी ते जपणार आहे. आता तुमचं बघा. तुम्ही आत जाऊन खोटं म्हणालात, तर पोलीस विचारतील, हे कुणी केलं? हत्याराचा परवाना असलेला माणूस बनावट खुणा मारतो. तुमचं दुकान दुसऱ्या दिवशी बंद. आणि म्हाताऱ्याचं घरही जातं, कारण पेटीची किल्ली त्याच्याकडं. खरं म्हणालात, तर काय बिघडतं? म्हातारा नाक घासेल, पाच मिनिटांत विसरेल. पूजा त्याचीच राहील. गावाचा दसरा होईल. सगळ्यांचंच भलं."

"म्हणून मला आणलंत?"

"दुसऱ्या कुणाला आणलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं ना," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात मला झटकता आला असता. मी झटकला नाही. चहा गोड होता, दुधावर साय आली होती, ती ओठाला चिकटली. मी बाहीनं पुसली. जैतूनचं, माझ्या बायकोचं, तोंड डोळ्यांपुढं आलं. दुकानाच्या पाटीवरचं नाव डोळ्यांपुढं आलं. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणं कमी पडत नाहीत. मी मनाशी म्हटलं, म्हाताऱ्याचं घर तरी वाचेल. जणू मी त्याच्यासाठीच करत होतो.

मी आत गेलो, बसलो, पिस्तूल हातात घेतलं आणि गावाला सगळं समजावून सांगितलं. कंपनीचा बदाम. सतराशे शहाण्णव. चकमकीचं होतं, मागाहून टोपीचं केलेलं, ही बघा बुजवलेली भोकं. तुकडीचा आकडा. शब्द न शब्द खरा होता. फक्त तो ह्या पिस्तुलाचा नव्हता. लोक माना डोलावत होते. गोऱ्या सायबाकडनं हिसकावल्याची कथा खरी निघाली म्हणून पुढच्या रांगेतल्या दोघांनी तिथनंच देवाला हात जोडले.

"खरं आहे," मी म्हणालो. "गेल्या साली तेजाबानं कुणी साफ केलं असेल, म्हणून रेघा बोटाला लागतात."

केरबा थोडा पुढं सरकला. "हात लावून सांगा, उस्ताद. ह्येच हाय?"

माझा हात पिस्तुलावरच होता. "हेच आहे," मी म्हणालो.

तो उठला, बंडी खाली ओढली, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेला आणि गुडघे टेकले. मला वाटलं होतं, नाक घासणं म्हणजे टेकवल्यासारखं काहीतरी असेल. तसं नव्हतं. त्यानं दोन्ही तळवे फरशीवर ठेवले आणि उंबऱ्यापासून ताम्हणापर्यंत, रांगत, नाक जमिनीला लावून आला. फरशी खडबडीत होती. मंडपात इतकी शांतता की नाकाचा आवाज ऐकू येत होता. मधे एकदा तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा नाक टेकलं. ताम्हणाशी आल्यावर त्यानं माझ्या कोरलेल्या बदामापुढं डोकं ठेवलं. माझ्या हातांनी, कौतुकानं, फुकट कोरलेल्या बदामापुढं. मी माझी नजर त्याच्या टाचांवर ठेवली होती. भेगाळलेल्या टाचा, एका भेगेत वाळलेलं शेण. मी तेवढंच बघत राहिलो. इंगवले हात जोडून, डोळे मिटून उभा होता. आणि त्याच्या शेजारी मी बसलो होतो, हेही मला दिसत होतं.

केरबा उठला. नाकाच्या शेंड्याचं सालपट निघालं होतं, त्यावर फरशीवरचा गुलाल बसला होता. तो गाभाऱ्यात गेला, नारळ फोडल्याचा आवाज आला आणि तो अर्धा नारळ घेऊन माझ्यापुढं आला.

"काय हे?" मी म्हणालो.

"तुमचा मान." तो म्हणाला. "तुमी मिरजंचं शिकलगार ना? तुमचा आजा मौला शिकलगार दर नवमीला चालत यायचा. देवाच्या दोन तलवारी आन् भाला उजळायचा. पिस्तुलाला कदी हात लावला न्हाई, म्हणायचा, त्ये गुरवाचं. तलवारींच्या मुठीखाली त्याचं तीन ठिपकं हायेत. त्यो गेला, तुमचा बाप आला न्हाई, तुमी आला न्हाई. पर अर्दा नारळ शिकलगाराचा, तसाच ऱ्हातोय. तीस वर्सं म्या तुमचा वाटा वड्याच्या पाण्यात सोडतोय. आज तुमी आला. घ्या."

तो रागावलेला नव्हता. हेच मला आजतागायत सहन होत नाही. मी नुकतं त्याला सगळ्या गावापुढं खोटं पाडलं होतं, आणि तो नाकावरचं रक्त न पुसता आधी माझ्या आजोबांचा मान देत होता. मी दोन्ही हात पुढं केले. नारळाचं पाणी माझ्या मनगटावरून खाली आलं. त्याच हातांना अजून स्पिरिटचा वास होता.

मला तो नारळ धरवेना. तो मी डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं पिशवीतला पेचकस काढला.

"जगदाळे," मी म्हणालो, "जरा पुढं या. आणि कुणीतरी देवाची तलवार आणा."

"उस्ताद, काय करताय?" इंगवले म्हणाला.

मी चापाचे दोन पेच काढले. पट्टी मोकळी केली आणि सरपंचाच्या तळहातावर उलटी ठेवली. "बाहेरून ही तीन भोकं बुजवलेली दिसतात ना? भोक म्हटलं की ते आरपार असतं. आत दाखवा मला कुठं आहे."

सरपंचानं पट्टी उलट-सुलट केली. आतलं अंग सपाट होतं. बाहेर तीन वर्तुळं, आत काही नाही. काही नाही असंही नाही. वरच्या कडेला तीन ठिपके होते.

कुणीतरी तलवार आणली. केरबानं मूठ वर केली. गंजाखाली, तेलाखाली, तेच तीन ठिपके. त्यानं एकदा तलवारीकडं पाहिलं, एकदा पट्टीकडं, आणि मग माझ्याकडं.

"हे मी केलंय," मी म्हणालो. "फेब्रुवारीत. खरं इंगवल्यांनी माझ्या दुकानात आणलं होतं, स्वतःचं म्हणून. मी त्याची नक्कल करून दिली. देवाचं पिस्तूल त्यांच्याकडे आहे. आता चिंचेखाली त्यांनी मला सांगितलं, खरं म्हणा. मी म्हणालो. केरबा खरं बोलत होता. पहिल्यापासून तोच खरं बोलत होता."

"म्हाताऱ्याची दया आली म्हणून गुन्हा अंगावर घेतोय हा," इंगवले म्हणाला. आवाज अजून गोडच होता. "बिचाऱ्याला उन्हाचा त्रास झालाय."

"मोडक्या टोकाची कोरणी माझ्या दुकानात, खालच्या खणात आहे," मी म्हणालो. "पोलिसांना घेऊन या. प्रत्येक रेघेशी जुळेल."

इंगवले जीपकडे निघाला. कुणी त्याला अडवलं नाही, पण सरपंचानं आधीच माणूस पाठवून जीपची किल्ली काढून घेतली होती. तालुक्याचा फौजदार यायला दोन तास लागले. तेवढा वेळ इंगवले चिंचेखाली थर्मासशेजारी बसून होता आणि मी मंडपाच्या पायरीवर. कुणी माझ्याशी बोललं नाही. कुणी मला शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग केरबा आला. पाण्यानं नाक धुतलेलं होतं. तो माझ्यापुढं उभा राहिला आणि माझ्या डाव्या हातातला अर्धा नारळ काढून घेतला. मी तो इतका वेळ धरूनच बसलो होतो.

"उशीर झाला, केरबा," मी म्हणालो. "मला कळतंय."

"नाक देवाम्होरं घासलं," तो म्हणाला. "त्ये वाया गेलं असं म्या म्हणत न्हाई. देवाला कळतंय, कुणासाठी घासलं त्ये."

"उद्या येऊन तलवारी उजळून देतो. भालाही."

"नगं," तो म्हणाला. "तुमच्या आज्याचा हात लागलेल्या हायेत त्या. मी पुसंन. मान तुमच्या आज्याचा हाय, त्यो म्या बंद करनार न्हाई. वड्यालाबी सोडनार न्हाई आता. घरी पोचवीन. पर तुमी येऊ नका."

एवढं बोलून तो नारळ घेऊन गाभाऱ्यात गेला.

पिस्तूल इंगवल्याच्या घरी लोखंडी कपाटात सापडलं, तेलानं पुसलेलं, कुंकू एकूण एक खरवडून काढलेलं. मुद्देमाल म्हणून ते चार वर्षं कोर्टात पडलं. माझा परवाना दीड वर्ष बंद राहिला, साक्ष दिली म्हणून पुढं परत मिळाला. इंगवल्याला काय झालं ते सांगण्यात मला रस नाही. देवाचं पिस्तूल शेवटी परत आलं तेव्हा केरबानं म्हणे ते मांडीवर घेऊन बदामावर अंगठा फिरवला आणि कुणाला काही न विचारता फडक्यात बांधलं. हे मला त्याच्या सुनेनं, मंगलनं सांगितलं. त्यानंतर मी माझ्या कुठल्याही कामावर तीन ठिपके मारलेले नाहीत.

केरबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंगल एस. टी. नं मिरजेला येते. दारातून आत येत नाही. अर्धा नारळ जैतूनच्या हातात देते, "शिकलगारांचा," म्हणते, आणि परतीच्या गाडीला जाते. त्या नारळावर कुंकवाचं एक बोट असतं. जुनं, कोरडं, घरी केलेलं कुंकू. जैतून त्याची चटणी करते आणि जेवताना माझ्या ताटात वाढते.

"खवट झालाय," मी दरवर्षी म्हणतो.

ती चिमूटभर चटणी तोंडात टाकते, चावते.

"ताजा आहे," ती म्हणते.